मांजरा नावाची मांजर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या भागात जनावराची ओळख गावावरून होते. लाल कंधारी म्हटलं की नांदेड जिल्ह्यातलं कंधार आणि देवणी म्हटलं की लातूर जिल्ह्यातलं देवणी. एक तांबड्या रंगाची, ओढकामाला चिवट. दुसरी पांढऱ्यावर काळ्या डागांची, दुधालाही बरी आणि कामालाही बरी. शेळी घ्यायची तर उस्मानाबादी. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडे, गाढवं, गाई-बैल, कुत्री, सगळ्यांचा बाजार लागतो. दात पाहून वय ठरतं, चाल पाहून भाव ठरतो. खुद्द खंडोबाजवळ घोडा आहे आणि कुत्राही आहे. एवढ्या सगळ्या गर्दीत एक प्राणी मात्र कुठं दिसत नाही. तो म्हणजे मांजर.

२०१९ साली देशाची विसावी पशुगणना झाली. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, घोडे, गाढवं हे तर मोजलेच, पण कुत्री, ससे आणि हत्तीसुद्धा मोजले. मांजराचा रकाना त्यात नव्हता. त्यात आश्चर्य वाटण्यासारखंही काही नाही. मांजर दुभतं नाही, ओढीचं नाही, राखणीचं नाही. उंदीर मारतं, तेही स्वतःच्या पोटासाठी. त्याची मालकी कोणाकडं, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

बोलण्यात मात्र ते पावलोपावली असतं. ते वाघाची मावशी असतं. त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न घरापासून विधानसभेपर्यंत सगळीकडं पडतो. ते आडवं गेलं की शिकलेला माणूसही मोटारसायकलचा वेग कमी करतो. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपल्या आज्या सांगायच्या. आणि त्याच घरातली माणसं मांजरीची पिलं पोत्यात घालून नदीपलीकडं किंवा बाजारात सोडूनही यायची. मारण्याचं पाप नको आणि पोसण्याचा तापही नको, असा हा मधला मार्ग.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते अशाच एका मोजदादीबाहेरच्या जिवाबद्दल. तो आमच्या घरात जवळजवळ नऊ वर्षं होता.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांवर झुंबड उडू नये म्हणून शहरात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचं अंतर, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. शहराच्या तोंडी त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. कोणाकडं टँकर कधी आला, कोणाच्या बोअरला किती फुटांवर धूळ निघाली, एवढंच.

आम्ही तेव्हा लातूरला भाड्याच्या घरात राहत होतो. यजमान बँकेत, मी शाळेत मराठी शिकवत असे, मुलगा पाचवीत. घरातल्या पाण्याचा कारभार माझ्या सासूबाईंकडं, म्हणजे आत्याबाईंकडं होता. वय सत्तर, गळ्यात तुळशीची माळ आणि हिशेब चोख. पिण्याची घागर वेगळी. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला. तुळशीला मात्र रोज एक फुलपात्र चांगलं पाणी. त्यात काटकसर नाही.

आमच्या गल्लीत बाहेरगावच्या मुलांच्या खोल्या होत्या. लातूर पॅटर्नच्या ओढीनं शिकायला आलेली ही मुलं. त्यांच्या डब्यात उरेल त्यावर एक करडी मांजरी जगत होती. परीक्षा संपल्या, मुलं गावी गेली, खोल्यांना कुलपं लागली. मांजरी दिसेनाशी झाली. पाण्याची रेल्वे आली त्याच आठवड्यात एका दुपारी शेजारच्या टाकीच्या तोटीखाली मला दोन पिलं दिसली. थेंब पडून तिथली चार बोटं जमीन ओली राहायची, त्या ओलीवर ती पडली होती. एक गेलेलं होतं. दुसऱ्याचं पोट हलत होतं.

मी त्याला पदरात उचलून घरी आणलं. डोळे पुवानं चिकटलेले, शेपटीखाली हगवणीनं माखलेलं, अंगावर पिसवा. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आत्याबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तू मांजर घेऊन आलीस व्हय?"

यजमान हसत म्हणाले, "आई, तू कीर्तनात ऐकतीस की. नाथांनी रामेश्वराला चाललेली गंगेची कावड वाटेत गाढवाला पाजली म्हणून."

"ते नाथ होते," आत्याबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरांकडं आम्ही पिलू नेलं. गाई-म्हशी तपासायची सवय असलेल्या त्यांच्या हातात ते औषधाच्या बाटलीएवढं दिसत होतं. त्यांनी ते तराजूवर ठेवलं. तीनशे दहा ग्रॅम. पाच आठवड्यांची मादी, असा त्यांचा अंदाज. त्यांनी आधी कातडीखाली थोडं सलाइन दिलं आणि मग मला समोर बसवून एकेक गोष्ट समजावली. त्या गोष्टी मी तेव्हा वहीत लिहून घेतल्या. श्रोत्यांपैकी कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते.

पहिली गोष्ट ऊब. मांजराच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त, साधारण अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सिअस असतं. अंग गार पडलेल्या पिलाला लगेच खायला-प्यायला घालू नये, कारण गार अंगात पोट काम करत नाही. आधी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवायची, अंगात ऊब आली की मग पाजायचं. दुसरी गोष्ट पाणी. हगवण लागलेलं पिलू बहुतेक वेळा अंगातलं पाणी संपल्यानं दगावतं. म्हणून मीठ-साखरेचं औषधी पाणी ड्रॉपरनं, एकेक थेंब, जिभेच्या कडेला, दर तासाला. डोकं वर करून ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. तिसरी गोष्ट दूध. मांजराला दूध आवडतं हे खरं, पण गाई-म्हशीचं दूध आजारी पिलाला पचत नाही, हगवण वाढते. आणि चौथी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. घरातली तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही द्यायची नाही. आपला ताप जिनं उतरतो ती गोळी मांजराला विष आहे.

"वाचेल का?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र आणि उद्याची रात्र जाऊ द्या. मग बोलू."

बुटांच्या खोक्यात जुनी साडी घालून पिलाला ठेवलं. दर तासाला गजर. दिवसभर शाळेतल्या पेपरांचे गठ्ठे तपासलेले, रात्री दोनच्या गजरानंतर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पावणेचार वाजले होते आणि स्वयंपाकघरात दिवा होता. आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. मांडीवर खोकं, एका हातात ड्रॉपर, समोर वाटी. पिण्याच्या घागरीतल्या पाण्याची वाटी. थेंब सोडताना त्या पुटपुटत होत्या. मला वाटलं नामस्मरण चाललंय. जवळ गेले तर त्या थेंब मोजत होत्या.

"बावीस झाले," त्या म्हणाल्या. "तू झोप."

तिसऱ्या दिवशी पिलानं एक डोळा उघडला आणि माझ्या बोटावर नख मारलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, जगण्याचं लक्षण चांगलं आहे, पण ओरखडा साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. त्या उन्हाळ्यात, लातुरात, पंधरा मिनिटं वाहतं पाणी! यजमान माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. आत्याबाई उठल्या, घागर उचलून मोरीत आणली आणि तांब्या-तांब्यानं माझ्या हातावर ओतायला लागल्या. खाली बादली ठेवायला मात्र त्या विसरल्या नाहीत. ते पाणी संध्याकाळी संडासाला गेलं.

पिलाचं नाव मुलानं ठेवलं. "धरण भरेपर्यंत हीच आपली मांजरा," तो म्हणाला. मराठीची शिक्षिका म्हणून मला त्यात एक गंमत दिसली. नदी असेल तर आपण "मांजरेला पूर आला" म्हणतो आणि मांजर असेल तर "मांजराला भूक लागली" म्हणतो. आमच्या घरी हाक नावानं मारली की जातीनं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. यजमान म्हणायचे, गावात वाघिणींतून पाणी आलं आणि आमच्या घरात वाघाची मावशी.

हगवण थांबली, डोळे स्वच्छ झाले, आणि खरी अडचण पुढं आली. आमचं घर माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला आहारातूनच मिळावा लागतो, तो मांसात असतो. तो मिळाला नाही तर मांजर हळूहळू आंधळं होतं, हृदय कमजोर होतं. दूध-पोळीवर ते जगल्यासारखं दिसतं, पण आतून खंगत जातं. कुत्र्याचं एक वेळ भागेल, मांजराचं नाही.

त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मी म्हटलं, कोणाच्या तरी मांसाहारी घरी देऊन टाकू. शेवटी निकाल आत्याबाईंनीच दिला. "तिचा धर्म तिला, माझा मला." दुकानातून मांजराच्या कोरड्या खाद्याचं पाकीट यायला लागलं. त्याची जागा अंगणाच्या कोनाड्यात, त्याचा चमचा वेगळा, ताटली वेगळी. सुरुवातीला पाकिटाला हात फक्त माझा लागायचा. पावसाळा सुरू होईपर्यंत चमचा आत्याबाईंच्या हातात आला होता. खाद्य घालून झालं की त्या हात धुवायच्या आणि मग तुळशीला पाणी घालायच्या. या क्रमात कधी बदल झाला नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला धरणात पाणी आलं. मांजरा तोवर पायांत घोटाळणारी, करड्या पट्ट्यांची, टोकदार कानांची चांगली धट्टीकट्टी झाली होती. तिची आवडती जागा म्हणजे पाण्याच्या पिंपाचं झाकण. टँकरचा आवाज आला की ती गल्लीतल्या बायकांच्या आधी जागी व्हायची. पाणी पिण्यापूर्वी वाटीत पंजा घालून पाहायची, मग पंजा चाटायची, मग पाणी. मी पेपर तपासायला बसले की नेमकी न तपासलेल्या गठ्ठ्यावर बसायची. आत्याबाई संध्याकाळी टाळ घेऊन हरिपाठाला बसल्या की पहिल्या ठेक्याला घरात असेल तिथून येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकायची. एका एकादशीला तिनं देव्हाऱ्यासमोर मेलेला उंदीर आणून ठेवला. आत्याबाईंनी सगळं घर शेणानं नाही तर फिनेलनं सारवलं म्हणा ना! चिडल्या, पण दुपारी शेजारणीला सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "उपाशी माणसाला घास आणून दिला तिनं."

सहाव्या महिन्यात आम्ही तिची नसबंदी केली. या गोष्टीवर लोक नाराज होतात, निसर्गाच्या आड येऊ नका म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगते, मांजरी साधारण दोन महिन्यांत विते आणि वर्षात दोन-तीनदाही वेते करते. त्यातली किती पिलं पोत्यातून नदीपलीकडं जातात, किती तोटीखाली पडतात, हे आपण सगळे जाणतो. एका मांजरीवर जीव लावायचा असेल तर तिच्या न जन्मलेल्या पिलांचाही विचार आपणच करायला हवा.

२०१८ च्या जूनमध्ये यजमानांची बदली नांदेडला झाली. मांजरा नदी लातूर जिल्ह्यातून निघते ती कर्नाटकात बिदरकडं वळते, पुढं तेलंगणात शिरते आणि मोठा वळसा घालून नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. आमच्या मांजरानं तो वळसा टाळला. चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा असा सरळ रस्ता, झाकणाच्या टोपलीत बसून, सगळ्या वाटेवर एका सुरात ओरडत. माळेगावला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं, "टोपलीत काय हाय?" मांजर म्हटल्यावर म्हणाला, "इथं घोडं इकायला आणत्यात, मांजर कुटं नेता?"

कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं म्हणतात. म्हणून नव्या घरी तिला तीन आठवडे एकाच खोलीत ठेवायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी रंगाऱ्याच्या हातून दार उघडं राहिलं आणि ती गेली. आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. कोणी म्हणालं, लातूरला परत निघाली असेल. मुलगा दोन दिवस जेवला नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की नव्या जागी घाबरलेलं मांजर लांब जात नाही. जवळच कुठंतरी दडून बसतं, उपाशी राहतं, पण हाकेला ओ देत नाही. तिचं अंथरूण बाहेर टाका, ओळखीचा वास येऊ द्या, रात्री शांतता झाली की बोलत राहा.

आम्ही अंथरूण ओट्यावर टाकलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई हरिपाठाला देवघरात न बसता ओट्यावर येऊन बसल्या. नवी गल्ली, अनोळखी माणसं, जाणारे-येणारे पाहत होते. त्यांनी टाळ वाजवायला सुरुवात केली. पाऊण तास झाला. शेजारच्या बांधकामावरच्या फरशांच्या ढिगातून एक धुळीनं माखलेलं डोकं बाहेर आलं. आत्याबाई थांबल्या नाहीत. उरलेले अभंग संपेपर्यंत मांजरा रांगत रांगत गुडघ्यापर्यंत आली होती. मग टाळ खाली ठेवून त्यांनी तिला उचललं आणि तेवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला.

त्यानंतरची पाच वर्षं सुखाची गेली, आणि सुखाच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच असतं. २०२० मध्ये टाळेबंदीत सगळे घरात कोंडले गेले तेव्हा रोज बाहेर जाऊन येणारी घरात ती एकटीच होती. आत्याबाई तिला विचारायच्या, "गावात काय म्हणतेत?"

२०२३ च्या पावसाळ्यात ती वाळायला लागली. चार किलोंची तीन किलोंवर आली, उलट्या व्हायच्या. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. म्हाताऱ्या होत चाललेल्या मांजरांत हा आजार पुष्कळ आढळतो. पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातली रानमांजरं. पाण्याची गरज ती मुख्यतः शिकारीतून भागवत. त्यामुळं मांजराला मुळात तहान कमी. शरीर थेंबथेंब पाणी राखतं आणि लघवी दाट होते. कमी पाण्यावर जगणारी जात ही. मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येत नाही, आपल्या हातात फक्त उरलेल्याला मदत करणं असतं. डॉक्टरांनी औषधं, वेगळा आहार आणि एक दिवसाआड कातडीखाली सलाइन सांगितलं. ते द्यायला मी शिकले. आणि म्हणाले, पाणी, जितकं जाईल तितकं पाणी.

आत्याबाईंनी घरात पाच ठिकाणी वाट्या ठेवल्या. मातीच्या, स्टीलच्या, काचेच्या, कोणती आवडेल म्हणून. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. "त्या साली थेंब मोजून पाजले," त्या म्हणायच्या, "आता वाट्या भरून ठेवल्यात तर ही ढुंकून बघंना."

खर्च होत होता. शेजारचे एक काका चांगल्या मनानं म्हणाले, "वहिनी, एवढ्या पैशात उस्मानाबादी शेळी आली असती की." मला उत्तर सुचलं नाही. आत्याबाई आतून म्हणाल्या, "शेळी घ्यायची ती विकायला. हिला कुठं विकायचंय?"

ते काका चुकीचं बोलले असं मला वाटत नाही. ज्या भागात बैलजोडी विकून मुलीचं लग्न करावं लागतं, दावणीला चारा नाही म्हणून दुभती गाय बाजारात न्यावी लागते, तिथं जनावराची किंमत माणसं उगीच करत नाहीत. शेतकऱ्याचाही जनावरावर जीव असतोच. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी चोळणारा हात आणि दुष्काळात त्याच बैलाची दोरी दुसऱ्याच्या हाती देणारा हात एकच असतो, आणि ती दोरी सोडताना तो थरथरतो. आम्ही पगारदार माणसं, आम्हाला ती वेळ आली नाही. म्हणूनच ज्याला बाजारात भाव नाही असा एक जीव सांभाळणं आम्हाला परवडलं, आणि परवडत होतं तर ते करायला हवं होतं, एवढंच मी म्हणेन.

दीड वर्ष ती त्या सलाइनवर चांगली राहिली. टोचताना गुरगुरायची, झालं की पिंपावर जाऊन बसायची. जानेवारी २०२५ मध्ये तिनं खाणं सोडलं. तीन दिवसांनी उभं राहता येईना. डॉक्टर घरी आले, तपासलं आणि म्हणाले, "मी सलाइन वाढवू शकतो. त्यानं दोन-चार दिवस वाढतील, ते तिला त्रासाचे असतील. किंवा झोपेचं इंजेक्शन देतो, तिला कळणार नाही. तुम्ही ठरवा."

आम्ही कोणीच बोललो नाही. यजमान खिडकीशी उभे. मुलगा पुण्याहून फोनवर, तोही गप्प. जिच्या गळ्यात माळ आहे, जिच्या घरात मुंगीलाही साखर घातली जाते, त्या बाईला हे कसं विचारायचं, या विचारानं मी आत्याबाईंकडं पाहिलंच नाही. त्या भिंतीला धरून उठल्या, वय एकोणऐंशी, डॉक्टरांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तिला लई दुखायलंय का?"

"हो, आजी."

"मग नको थांबू."

त्यांनी पिंपातलं पाणी वाटीत घेतलं आणि ड्रॉपरनं चार थेंब तिच्या तोंडात सोडले. मी म्हटलं, देव्हाऱ्यातलं गंगाजल आणू का? त्या म्हणाल्या, "हे काय निराळं हाय?" खरंच होतं. नांदेडच्या नळाला विष्णुपुरीचं, म्हणजे गोदावरीचं पाणी येतं आणि आमच्याकडची जुनी माणसं गोदावरीलाच गंगा म्हणतात. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मांजरा आत्याबाईंच्या मांडीवर होती. अंगणातल्या पारिजातकाखाली तिला पुरलं. त्या संध्याकाळी हरिपाठ झाला, पण टाळ वाजले नाहीत.

श्रोतेहो, या सगळ्यातून मला उमगलेली गोष्ट साधी आहे. दया आपल्या सगळ्यांना येते. रस्त्यावर पडलेलं पिलू पाहून "अरेरे" न म्हणणारा माणूस विरळा. पण दया क्षणाची असते आणि सांभाळ रोजचा असतो. सांभाळाला गजर लावावा लागतो, वेगळा चमचा ठेवावा लागतो, लस, नसबंदी, सलाइन आठवणीनं करावं लागतं, आणि शेवटी कधी थांबायचं तेही ठरवावं लागतं. नामदेवांची गोष्ट आपण ऐकत आलो आहोत. कुत्र्यानं पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. नामदेवांचं नरसी इथून लांब नाही आणि नाथांचं पैठणही याच गोदावरीच्या काठावर आहे. असं संतपण काही आमच्या अंगी नाही. आत्याबाईंनी ते पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. पण एक वाटी आणि एक ड्रॉपर प्रत्येकाच्या घरात असतो.

म्हणून जाता जाता दोन-तीन विनंत्या. पिलू सापडलं तर आधी त्याची आई जवळपास आहे का, ते थोडं लांब राहून पाहा. निरोगी पिलं आईजवळच वाढू द्या. आजारी असेल तर ऊब द्या आणि पशुवैद्यकाकडं न्या, मनानं औषधं देऊ नका. कुत्र्याच्या गोचिडांचं औषधही विचारल्याशिवाय मांजराला लावू नका, त्यातली काही मांजराला घातक असतात. चावलं, ओरखडलं तर साबणानं धुऊन लस घ्या, हयगय करू नका. आणि घरच्या मांजरीची पिलं पोत्यात घालण्याची वेळ येण्याआधी तिची नसबंदी करून घ्या.

उन्हाळा दर वर्षी येणारच. धरणात पाणी असो वा नसो, अंगणात, गच्चीवर, टाकीजवळ एक पसरट भांडं भरून ठेवा आणि रोज बदला. चिमण्या येतील, खारी येतील. रात्री, आपण झोपल्यावर, कोणत्याही रकान्यात नसलेलं एखादं मांजरही येईल, आधी पंजा बुडवून पाहील आणि मग पिईल.